फेड

सेंट पीटर पोर्टच्या कचेरीत
माझ्या बापानं पैसे जाळलेले मी पाहिले आहेत.
चोरून नव्हे, दारूच्या नशेत नव्हे;
चार पंचांदेखत, क्रमांक मोठ्यानं वाचून,
चिमट्यात धरून, एकेक.
मी नऊ वर्षांची. शेगडी फुंकायचं काम माझं.

त्याआधीचं सांगते.
लढाई संपलेली. भरतीला समुद्र बांध ओलांडून गल्लीत यायचा.
मासळीवाल्या बायका चिखलात उकिडव्या,
टांगलेल्या मटणावरून पाणी निथळायचं.
बेटावर दगड होता. चुना होता.
रिकामे हात तर हवे तेवढे.
नव्हता तो फक्त पैसा.
लंडनचा सावकार म्हणे, देतो की,
व्याज काय, तुमची नातवंडंही फेडतील.

"दगड आपला, घाम आपला,
मग व्याज त्याचं कशाचं?"
हे एलिझे तोस्तव्हँ, माझा बाप, घरी बोलला.
कचेरीत तो बोलत नसे, नुसता लिही.
पण आणखीही कुणी आपापल्या घरी हेच बोललं असणार,
कारण थंडी सरता सरता
बेटानं स्वतःच्या नोटा छापल्या.

एका पौंडाची एक.
पाथरवटानं घेतली, त्याच्याकडून पाववाल्यानं,
पाववाल्याकडून मोच्यानं,
आणि तिकडे मंडईचं छप्पर चढत गेलं.
पुढे गाळ्यांचं भाडं आलं
तेही त्याच नोटांत, मळक्या,
बांगड्याचा वास लागलेल्या.
आल्या तशा शेगडीत.

"चांगले पैसे जाळता कशाला?"
बाप म्हणाला, कमान बसली
की खालची लाकडं काढतात, ज्युडिथ.
ठेवली तर लोक त्यांनाच कमान समजतात.
फुंक.

एक नोट आली नाही. क्रमांक दोनशे अठरा.
बाप गेला तेव्हा त्याच्या वहीत
प्रत्येक वर्षाच्या तळाशी तीच ओळ:
बेटाकडून देणे, पौंड एक.

सापडली मला ती, फार उशिरा,
राशेल ब्रुआरच्या पिठाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेली.
बांधाच्या कामावरचा तिच्या नवऱ्याचा शेवटचा आठवडा.
शनिवारी मजुरी मिळाली,
सोमवारी दगड निसटला.
"भाडं मी चिल्लरीत भरत आले," ती म्हणाली.
"ही मोडायची नाही."

आजी, ही दिलीत तर खातं बंद होईल.
"राहू दे की उघडं."
आणि तिनं खिडकी ढकलली, मला जा म्हणायचं म्हणून असेल.
खाली पाणी बांधावर डोकं आपटत होतं.
अलीकडे, दोरीवर,
तिचे कपडे कोरडे.

मी कारकून नाही. मला कुणी विचारत नाही.
तरी नवं वर्ष लागलं की वही काढते,
नवं पान, बापासारखंच तिरकं अक्षर:
बेटाकडून देणे, पौंड एक.