दुसऱ्या ओळीत

बोर्डावर आमचं नाव दोन लिप्यांत आहे.
कन्नड वर, ठळक. मराठी खाली, बारीक.
दोन्हींत एकेक चूक, कारण पेंटर एकच होता.
सुपारी द्यायला येणारे बोर्ड वाचत नाहीत,
विचारतात, झांजवाला धरून माणसं किती?

चौदा. त्यातला मी एक.
माझं वाद्य युफोनियम, त्याला आम्ही म्हैस म्हणतो.
पोटाशी धरून चालायचं, जड,
आणि गाणं तिच्या तोंडून कधी निघत नाही.
गाणं पुढच्या ओळीचं, ट्रंपेटचं, क्लॅरोनेटचं.
मी खालून हं, हं करत राहतो,
गोष्ट ऐकताना म्हातारं माणूस करतं तसं.

सव्वीस वर्षांत नवरदेव धड पाहिला नाही,
तो कायम पाठीमागे, घोड्यावर.
मी पाहिली दस्तगीरची मान,
त्याच्या कॉलरची उसवलेली जर,
आणि त्याचं उजवं कोपर.
ते बोटभर वर गेलं
की दहा छात्या एकदम श्वास घ्यायच्या.
एवढंच. बाकी सगळं त्यानंतरचं.

हुक्केरी, संकेश्वर, यमकनमर्डी,
खानापूरकडच्या वाड्या, तिथला बुटात शिरणारा चिखल.
इकडे म्हणतात, बारसरी, तिकडे म्हणतात, वाजिवा की.
पैसे दोन्हीकडे सारखेच उशिरा.
एक नोव्हेंबरच्या मिरवणुकीत
आम्ही लाल-पिवळी फीत लावून वाजवतो.
शट्टुप्पा त्या दिवशी आजारी पडतो.
दरवर्षी. कुणी विचारत नाही.
दुसऱ्या दिवशी त्याचा साइड ड्रम त्याच्या जागी असतो.

जेवायला आम्ही शेवटी,
भात गार, हुग्गीचं नुसतं पातेलं.
ओमाण्णा पातेलं खरवडतो आणि म्हणतो,
खरी चव बुडाशीच असते रे.

पावसाळ्यात मी वडगावात, मागावर.
माग दिवसभर एकाच तालात वाजतो,
श्वास घ्यायला थांबत नाही.
म्हणून त्याच्याबरोबर वाजवावंसं कधी वाटलं नाही.

दस्तगीर चैत्रात गेला,
दोन वराती हातात असताना.
त्याला पोहोचवायला वाद्यं नव्हती, तिथे ती चालत नाहीत.
आम्ही साध्या शर्टांत, हात रिकामे,
कुणाला कळेना हातांचं करायचं काय.
कब्रस्तानाच्या रस्त्याला लागलो आणि बघतो तर
आपोआप दोन ओळी, पाय जुळलेले,
पुढच्या ओळीत डावीकडून दुसरी जागा मोकळी.
कुणी सांगितलं नव्हतं.
नेमगोंडाने मुद्दाम पाऊल चुकवलं.
चार पावलांत ते पुन्हा जुळलं.

त्याचा कोट ओमाण्णाच्या भाच्याला आला,
बाह्या लांब.
खिशात खडीसाखर निघाली
आणि गोकाकचं एक जुनं बस तिकीट.
पोराने खडीसाखर खाल्ली. तिकीट परत खिशात ठेवलं.

पहिलीच वरात संकेश्वरात.
ढोलाने चार मात्रा दिल्या,
आणि आम्ही सगळे वाट बघत उभे,
त्या कोपराची.
ढोल पुन्हा चार. पुन्हा चार.
पोरगं ट्रंपेट ओठाला लावून माझ्याकडे वळून बघतंय.
मागून नवऱ्याचा मामा ओरडला,
काय करूलालासा रे, झोपलासा काय?

मग म्हैस हंबरली.
एकच सूर, खालचा, जरा घोगरा.
गाणं त्याच्या अंगावरून कसंबसं उभं राहिलं,
नाचणारे नाचायला लागले,
मामाने वीसची नोट ओवाळली
आणि पोराच्या कोटाला टाचली.

रात्री टेम्पोत नेमगोंडाने विचारलं,
पहिला सूर कुणाचा होता?
मी कळ दाबून म्हशीतलं पाणी
फाळक्यावरून रस्त्यावर सोडत होतो.
शट्टुप्पा म्हणाला, दस्तगीरचाच की.
सगळे व्हय म्हणाले.
मीही म्हणालो.