नव्वदच्या आसपास

पेडल उलटं केलं की आधी वाळू पडते.
मग अ‍ॅल्युमिनियमचा कीस, शिंपल्याची एक कपची,
आणि सिगारेट सोडून अकरा वर्षं झालेल्या माणसाची राख.
एर्मिनियू हे कबूल करणार नाही.
म्हणेल, वाऱ्यानं आणली असेल.
न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर काहीही वाऱ्यावर ढकलता येतं.

चार स्क्रू. त्यातला एक माझ्या वेळेपासून नाहीच.
आत एक स्प्रिंग, एक दातेरी पट्टी,
पट्टीत फिरणारं नायलॉनचं चाक, दोन दात पडलेलं,
एक मायक्रोस्विच, जो सगळ्यांच्या आधी टिक् करतो
आणि करंटला सांगतो, ऊठ, माणूस आला;
आणि बाटलीच्या बुचाएवढा पोटेन्शिओमीटर,
दहा किलोओहमचा, ज्याच्यामुळे हे सगळं.

कंपनीचा माणूस फोनवर गोड बोलला.
मॅडम, या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत,
अख्खं पेडल घ्या, चारशे दहा डॉलर.
मी म्हटलं, बाबा रे, चपलेचा अंगठा तुटला
म्हणून पाय कोण बदलतं?
तो हसला नाही.
हसण्याचे त्याला पैसे मिळत नसावेत.

मग फॉल रिव्हरला, दुआर्तच्या गोदामात.
मेलेल्या मशिनांची आतडी तिथे डब्यांत भरलेली,
डब्यांवर त्याच्या बायकोचं अक्षर:
चालू. बहुतेक चालू. देवाला माहीत.
पोटेन्शिओमीटर ‘बहुतेक चालू’मध्ये सापडला, सहा डॉलर.
चाक ‘देवाला माहीत’मध्ये.
त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

जुना पोटेन्शिओमीटर मी फोडून बघितला.
फोडायचं काही कारण नव्हतं.
काळ्या कार्बनचा पट्टा, घोड्याच्या नालेसारखा,
या टोकाला तुकतुकीत, त्या टोकाला तुकतुकीत,
आणि मधे, नव्वद अँपिअरच्या आसपास,
घासून घासून पांढरा पडलेला.

तिथे एर्मिनियूचा पाय उभा असायचा.
सव्वीस वर्षं.
डिझेलच्या टाक्या, हॅचची झाकणं,
मिरवणुकीतल्या छत्राची मोडलेली दांडी,
कुणा पोराच्या सायकलचा फाटा,
सगळं नव्वदवर.
जास्त दिलंस तर भोक, म्हणायचा,
कमी दिलंस तर नुसती थुंकी.
आणि तिथेच थांबायचा, टाचेवर तोल धरून,
जसं कुणी दार बोटभर उघडून
बाळ झोपलंय का बघतं.

पेडल माझ्याकडे आलं तेव्हा
त्या जागी आर्क अडखळायचा.
वितळलेलं तळं विझल्यासारखं व्हायचं, मग एकदम उसळायचं.
शिकले मी. नव्वदच्या अलीकडे टाच जराशी उचलायची
आणि पलीकडे टेकायची,
मोडकी पायरी ओलांडतो तशी,
हातात गरम पातेलं असताना, खाली न बघता.
आठ वर्षं. शिवणीत कुणाला कळलं नाही.

रविवारी तो पट्टा एर्मिनियूला दाखवायला नेला.
तो खिडकीशी बसतो. बंदर दिसतं म्हणतो.
दिसतं ते पार्किंग.
चष्मा कपाळावर सरकवून त्यानं बराच वेळ पाहिलं.
मी कुठल्या बोटीचं काय जोडलं ते सांगत होते
आणि चाकाच्या खुर्चीत, पाय ठेवायच्या पट्टीवर,
त्याची उजवी टाच हळूहळू दबत होती.
‘झुल्मिरा, सोल्डर नीट केलंस ना?’
एवढंच बोलला.
पट्टा मात्र परत दिला नाही.

आज नवा बसवला. टिक्.
करंट चढला, कुठे खरखर नाही,
साठ, सत्तर, ऐंशी,
आणि नव्वदच्या अलीकडे
माझी टाच उचलली गेली.

तळं विझलं, उसळलं.
झाकणावर एक फोड आला, वाटाण्याएवढा.
बघायला कोणी नव्हतं, तरी मी इकडे तिकडे पाहिलं.
मग ग्राइंडर घेतला.
पुन्हा साठपासून.