मांजर उठेपर्यंत

वन खात्याच्या जीपनं नागोरावचा राघू नेला
आणि पिंजरा परत दिला. पावतीसकट.
पोपट, नग एक.
पावती त्यानं माझ्याकडं आणली, लॅमिनेशन करायला.
वीस रुपये मी घेतले नाहीत.

परभणीच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या बाजूला
माझं रेडियमचं दुकान. नंबरप्लेटा, 'आईचा आशीर्वाद',
टँकरच्या मागं डोळे वटारलेला वाघ.
दुकानाच्या पायरीवर त्याचं पोतं, एकोणीस वर्षं.
महिनाभर तो रिकाम्या पिंजऱ्यात भगर टाकायचा
नि चिमण्या खाऊन जायच्या.

मग भाचीनं हडपसरच्या होस्टेलातून डबी पाठवली.
टॅरो म्हनतेत, म्हणाला.
अठ्ठ्याहत्तर पत्ते, आणि सगळ्यांवर मांजरी.
मुकुट घातलेली मांजर, कंदील धरलेला म्हातारा बोका,
तलवारींच्या गराड्यात गाढ झोपलेलं पिल्लू.
"पेंटर, राघू असता तर एकाला चोच लावली नसती बघ,"
आणि इतकं हसला
की रसवंतीवाल्यानं चरक थांबवला.

खाली इंग्रजीत काहीबाही. ते त्याला येत नाही.
मी मोबाइलवर अर्थ बघितले होते, सांगितले नाहीत.
कारण उलटं टांगलेलं मांजर दाखवून तो
सेतू केंद्रातल्या पोराला म्हणाला,
"हे शिंक्यापाशी पोचलंय. शिंकं तुटायचंय अजून. दम धर."
बुरूज कोसळतोय, दोन मांजरी हवेत:
"भिऊ नको बाई. मांजर हाय ती.
कुठून बी पडू दे, पायावरच पडती."
गाठोडं घेऊन कड्याच्या टोकाला निघालेलं पिल्लू आलं
की मात्र काही बोलायचा नाही.
कोणत्या गाडीनं जायलास, एवढंच विचारायचा.

हाडांचा एक बोका होता, घोड्यावर बसलेला.
तो पोत्याखाली. गिऱ्हाईक तुटतं, म्हणाला.
पण फेकला नाही. संध्याकाळी काढायचा,
धोतराच्या सोग्यानं पुसायचा, परत ठेवायचा.

खरी अडचण हाताची.
राघू एक पाऊल बाहेर यायचा, पाकीट ओढायचा,
दाणा घेऊन आत. त्यात माणसाचं काही नव्हतं.
आता पत्त्याकडं हात नेला की नागोरावची बोटं थरथरायची.
"मी काढलेलं कोन खरं मानंल?"

दुकानात चुंबळ आहे. मांजर.
तशीच गोल बसते म्हणून नाव.
शेपटीला कधीचा चिकटलेला रेडियमचा बावीस.
मे महिन्यात फरशी तापली, पत्ते उपडे मांडलेले;
ती आली, हुंगलं, दोनदा फिरली
आणि एका पत्त्यावर बसली.
समोरचा कंडक्टर म्हणाला, तेच. तेच काढा.

तेव्हापासून एकच नियम: मांजर उठवायचं नाही.
कुणाचं पाच मिनिटांत उरकायचं.
कुणी दूध आणायचं; ती तिथंच बसून,
मान लांब करून, डोळे मिटून प्यायची.

गंगाखेडची एक नर्स आली. पदराला लावलेली पट्टी
मीच कापलेली: र. गिराम, परिचारिका.
काय विचारायचंय ते तिनं सांगितलं नाही.
चुंबळ बसली, आणि झोपली.
चार वाजले. साडेचार. पोट हलत होतं, एक पंजा स्वप्नात पळत होता.
गाडी लागली. हॉर्न वाजला.
बाईनं गाडीकडं बघितलं, मांजराकडं बघितलं,
पाठीवरून एकदा हात फिरवला, उठवायला नाही, उगाच.
स्कार्फ बांधला. पन्नासची नोट ठेवली. गेली.

दिवे लागले तेव्हा चुंबळ उठली, आळस दिला.
मी पत्ता उलटायला वाकलो
तर नागोरावनं मनगट धरलं.
"तिचं हाय ते."
उपडाच उचलला. गड्डीत घालायच्या आधी
क्षणभर माझ्या तळहातावर ठेवला.
गरम होता,
मशीनमधून आत्ताच निघाल्यासारखा.