निव्वळ वजन

वडगव्हाण फाट्यावर माझा काटा आहे.
साठ टनी. कर्ज काढून बसवला,
समोर एमआयडीसी आली तेव्हा.
आली म्हणजे
पळाटीच्या रानात सिमेंटचे खांब आले,
खांबांवर पिवळे आकडे,
आणि रस्त्याकडेला पाटी: ‘ड प्लस क्षेत्र’.
मास्तर म्हणाले, शाळेत ड मिळाला
तर बापाला बोलावतो आम्ही.
इथं ड मिळाला की शेठला बोलावतात.

शेठ आला. ठिबकच्या नळ्यांचा कारखाना.
मुद्रांक माफ, वीज शुल्क माफ,
व्याजातलं अर्धं सरकारच्या अंगावर,
भरलेला जीएसटी फिरून परत,
सात वर्षं.
सरपंच कुसुमताई कोडापे
घरपट्टीचं बिल घेऊन गेटवर गेल्या,
तर वरून पत्र आलं, उद्योगास त्रास देऊ नये.
त्यांनी ते पंचायतीत चिकटवलं,
बंद पथदिव्यांच्या यादीशेजारी.

पहिलं यंत्र मीच तोललं.
भरलेला ट्रक बत्तीस टन चारशे,
रिकामा अकरा टन दीडशे.
निव्वळ एकवीस टन अडीचशे.
पावती फाडली, तिच्यावर अठरा टक्के कर.
माझा काटा रस्त्याच्या अलीकडे.
क्षेत्र पलीकडे सुरू होतं.

खोटं बोलणार नाही.
त्या कारखान्यापायी सबस्टेशन झालं,
उन्हाळ्यात पंखे फिरले.
शेषरावच्या टपरीत पोह्यावर तर्री आली,
मग अंडी, मग फ्रीज.
प्रणाली मडावी, आयटीआय केलेली,
माझ्या भिंतीला सायकल टेकवून
दुसऱ्या पाळीला जायची.
नळी वाकडी निघणार असली
तर आवाजावरून सांगायची.
सात वर्षं या फाट्यावर
रात्र साडेअकराला होत होती.

आठव्या वर्षी माफी सरली.
एप्रिलात पहिलं पुरं बिल, म्हणे.
मे महिन्यात क्रेन.
शेजारच्या राज्यात नवं धोरण होतं, दहा वर्षांचं.
शेहेचाळीस डिग्रीत, डांबर चपलेला चिकटत असताना,
तेच यंत्र माझ्या काट्यावर.
मी जुनं बुक काढलं.
निव्वळ एकवीस टन एकशे ऐंशी.

सत्तर किलो कमी.

त्या रात्री झोप नाही.
झिजलेलं लोखंड म्हणावं,
की सात वर्षांत जे काही इथं राहिलं
ते हेच, सत्तर किलो?
बायको म्हणाली, झोपा आता,
सरकारनं नाही मोजलं तर तुम्ही काहून मोजता?

पुढं दिवाळीनंतर
प्रणालीच्या टिनाच्या शेडात
पोत्याखाली एक जुनी डाय दिसली.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
तुटक्या नळ्या वितळवून ती जोड बनवते आता,
चार गावांतून माणसं येतात.
अनुदानाचा अर्ज केला होता तिनं.
उत्तर आलं: शेड गावठाणात आहे, क्षेत्रात नाही.
ती हसली, म्हणाली,
मले कोठी पळून जाचं आहे, भाऊ,
मले कोण देईन?

यंदा पाटीला पुन्हा रंग दिला.
परवा ट्रक आला, बाहेरच्या नंबरचा.
वाऱ्यानं ताडपत्री उचलली
आणि यंत्राच्या कडेला, खिळ्यानं कोरलेलं:
सुखलाल, पाळी दोन.
कुठल्या फाट्याचा सुखलाल,
तिथला काटेवाला कोण,
त्यानं बुक काढून पाहिलं का.
ड्रायव्हर ओरडला,
वजन कर ना बाप्पा, उशीर होऊन राह्यला!

केलं.
पावतीत खाली शेऱ्याची एक ओळ असते.
इतक्या वर्षांत कधी भरली नव्हती.
लिहिलं:
माल जुना. सोबत एक नाव.