कडेला

उदगीरला चौबाऱ्यापाशी माझा स्टुडिओ.
पाटीवर प्रोफेशनल लिहिलंय,
पेंटर 'फे'ची मात्रा विसरला, तशीच राहिली.

परीक्षेला, आधारला, मुलीच्या स्थळासाठी:
हनुवटी खाली. हं. श्वास सोडा.
एकदा रुळांवर पंचनाम्याला बोलावलं,
तिथंही उजेड कुठून येतोय तेच आधी बघितलं.
घरी येऊन जेवलो.
बायको काही बोलली नाही.

परवा हाळीचा मन्मथ आला.
आई गेली, म्हणाला. फोटो एकबी नाही.
"तुमीच काढलाव की, सुवर्णाच्या लग्नात."

रात्री दोनपर्यंत हार्ड डिस्क उघडून बसलो.
अठराशे फोटो. नवरदेवाचा बूटसुद्धा चार कोनांतून.
ती सापडली एकातच,
अक्षता टाकणाऱ्यांच्या मागं, बुंदीचं ताट घेऊन,
फोकसच्या बाहेर.
मीच ठेवली होती बाहेर.

ताट काढलं. मागचा कूलर काढला.
डोळे काही येईनात.
मी पाहिलेच नव्हते,
आणणार कुठून?

मन्मथ फ्रेमकडे बघत राहिला.
"हीच," म्हणाला. "अशीच असायची. घाईत."
पैसे किती, विचारलं.
राहू दे, अगदी ओठांवर आलेलं.
मग साडेतीनशे सांगितले
आणि मोजून घेतले.

आता पंगत बसली की
मी थोडा वेळ चुलवणाकडं जातो.
बायका पदर सावरतात,
"आमचे कामून? नवरी तिकडं हाय."

हे फोटो अजून कुणी मागितले नाहीत.
डिस्क भरत आलीय.