आरचा पाय

शेजारची गोदामं पाडली तेव्हा
विनिपेगात प्रिन्सेस स्ट्रीटवरची एक भिंत
ऐंशी वर्षांनी उजेडात आली:
रॉडमोर स्टोव्ह पॉलिश. डबी दहा सेंट.
खाली फोन नंबर, पाचच आकडी.

लोक जमले, फोटो निघाले.
कुणी म्हणालं, जपा. कुणी म्हणालं, पार्किंग.
एक्याण्णव वर्षांची स्तेफानिया ह्लादी
चाकाच्या खुर्चीतून पहिलंच अक्षर बघत राहिली.

‘त्या आरचा पाय बघ, ओस्ताप,
ओळीबाहेर गेलाय. माझ्या बापाचा हात.
इंग्रजी वाचता येत नव्हतं त्याला.
म्हणायचा, हा तर आपल्या लिपीतला “मी”,
तोंड फिरवून चालायला लागलेला.

कंपनी बुडाली. निम्मे पैसे डब्यांत मिळाले.
अख्ख्या नॉर्थ एंडात आमच्याइतकी
लखलखीत चूल नव्हती,
वर शिजायचं ते बीटच.

रंगात शिसं होतं, म्हणून टिकलाय.
शेवटच्या वर्षी चमचा धरवेना त्याला,
मनगट लोंबायचं नुसतं.’

नातवानं गंमत म्हणून
ते पाच आकडे फोनवर दाबले,
कानाशी धरला, आणि उगाचच
बराच वेळ धरून ठेवला.

दुपारी भुरभुर सुरू झाली.
विटा भिजल्या तशी अक्षरं गडद झाली,
काल रंगवल्यासारखी.
लोक पुन्हा फोटो काढायला धावले.

‘चल,’ ती म्हणाली,
‘भिजतोय तो.
टोपीसुद्धा नसायची त्याच्याकडे.’