तीन मिलिमीटर

चाळीस पौंड, म्हणाला मेरेदिथ,
पाऊस वर फुकट.
बालाच्या चॅपेलमागच्या पत्र्याच्या शेडात
लेथ मेंढ्यांच्या पेंडीखाली दबलेला.
पाठीवर कोंबड्या झोपत असाव्यात,
खुणा स्पष्ट होत्या.

चाक हाताने फिरवून पाहिलं. नाही.
दोन्ही हातांनी. मग बुटाने.
आत कुठेतरी कुरकुरलं, झोपमोड झाल्यासारखं.
तेवढ्यावर मी पैसे मोजले.

एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
मी शंभर-सव्वाशे पोरांचे बटाटे सोललेत.
गोल वस्तूवरून पातळ साल कशी उतरते,
एवढं तरी मला कळतं.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला:
आणायला व्हॅन, साठ.
बेअरिंगं दोन, अठरा.
मोटर शेजारच्या काँक्रीट मिक्सरची,
दोन बारा ब्रिथच्या बदल्यात
(एक जरा करपला होता, तो म्हणाला चालेल).
गंज काढला कांद्याच्या लोणच्यातल्या व्हिनेगरने,
पडद्यांना अजून वास आहे.
गंजाखालून कारखान्याचं नाव वर आलं,
पुढची अक्षरं गेलेली,
नुसतं ‘आणि मुलगे’ शाबूत.

मागचा ठोकळा मात्र मुळात नव्हताच,
लाकडाला पलीकडून धरून ठेवणारा.
पोर्थमडोगच्या भंगारात सापडला एक, बारा पौंडांना,
भलत्याच घराण्यातला.
टोकाला टोक भिडवलं
तर हा तीन मिलिमीटर बुटका.

पत्रा घातला, तो वाकला.
पुठ्ठा घातला, तो मी तरी का घातला.
ठोकळा डगडगत राहिला
आणि मी त्याच्याकडे बघत
हातातला चहा थंड करत राहिले.

तीन मिलिमीटर कोण देईल, हे मला
पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

इद्वल. पाटीच्या दगडाच्या खाणीत
चौदाव्या वर्षापासून फोडणारा.
आईचं घर विकल्यापासून
आमच्यात फक्त नाताळची कार्डं,
तीही नाव छापलेली.

दार त्यानेच उघडलं. मी माप सांगितलं.
“तीन, की तीनच्या आसपास?”
“तीन.”
“दगड आहे. लोखंडाखाली चिरडेल असं वाटत नाही तुला?”
“तूच सांग.”
खोकला येऊन गेला. मग म्हणाला,
“डोंगराखाली तर होताच.”

परसात त्याने मांडीवर पाटी घेतली,
छिन्नी टेकवली,
आणि ठोकण्याआधी थांबला,
समोरच्याचं बोलणं पुरं व्हायची वाट बघावी तसा.
पहिली चार भरली. दुसरी मधेच फुटली.
तिसरी त्याने मोजलीच नाही,
अंगठा फिरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळली.

रविवारी स्वतःच आला, बोल्ट आवळायला,
बाईमाणसाच्या आवळण्यावर त्याचा विश्वास नाही.
मी बटण दाबलं.
चिमणीसाठी तोडलेल्या अॅशची फांदी
आधी धडधडली, मग घरघरली,
मग एका सुरात आली.
पहिलं काम फार मोठं नव्हतं:
जत्रेतून दांड्याशिवाय आणलेल्या पटाशीला
दांडा.

एक ढलपी उडाली ती थेट त्याच्या चहात.
त्याने दोन बोटांनी काढली, झटकली,
खिडकीकडे धरून उजेडात पाहिली,
आयुष्यभर पाट्या पाहिल्या तशी.

“जाड आहे,” म्हणाला,
आणि खुर्ची पुढे ओढली.